बाबा, पाय थोडा सोडा

ती. बाबा आणि आई,

साष्टांग नमस्कार.

मंगळवारी व्हिडिओ कॉल झाला तेव्हापासून हे पत्र डोक्यात घोळतंय. पाच आठवड्यांपूर्वी डाव्या खुब्याचा सांधा बदलल्यापासून फोनवर पायाचा विषय काढला की बाबा, तुम्ही "सगळं बरं आहे" म्हणता आणि फोन आईकडे देता. पत्र मात्र तुम्ही शेवटच्या ओळीपर्यंत वाचता. हॉस्टेलवरून पाठवलेली माझी पत्रं अजून तुमच्या ट्रंकेत आहेत, म्हणून लिहायला बसले.

आईनं फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला होता आणि तुम्ही खुर्चीतून उठत होतात. उठायच्या आधीच तुमचे दोन्ही खांदे कानांपर्यंत वर गेले. वॉकरवरच्या बोटांची पेरं पांढरी पडली. चपलेत डाव्या पायाची बोटं अशी आत वळली होती, जणू फरशी धरून ठेवायची आहे. आणि दात आवळून तुम्ही श्वास कोंडून धरलात, तो चौथ्या पावलापर्यंत सोडलाच नाही. त्या चार पावलांतच तुम्ही दमलात.

मग खिडकीबाहेरून शेजारच्या काकांनी हाक मारली, "अहो, आयर्विन पुलाला पाणी बत्तीस फूट झालं!" तुम्ही "किती?" म्हणत खिडकीकडे गेलात. सहा-सात पावलं असतील. वॉकर हातात होताच, पण खांदे खाली, नजर समोर, आणि डावा पाय उजव्यासारखाच सरळ पडत होता. तुम्हाला कळलंसुद्धा नाही. मला इकडे बंगळूरला रडू आलं.

पाय तोच, खुबाही तोच. मधल्या पाच मिनिटांत काहीच बदललं नव्हतं. फक्त तुमचं लक्ष नदीच्या पाण्यावर होतं आणि मांडीला कुणी धाक दाखवत नव्हतं.

बाबा, तुमची मांडी जी दगडासारखी लागते, ती मला वाटतं याच धाकानं. मी तिकडे तीन आठवडे होते तेव्हा फिजिओंनी हे मला नीट समजावून सांगितलं होतं, तुम्ही त्या वेळी डोळे मिटून पडला होतात. दुखऱ्या सांध्याला जपायचं म्हणून आजूबाजूचे स्नायू आपोआप आवळून बसतात. तुमचा खुबा काही पाच आठवड्यांपूर्वी बिघडला नाही. चार वर्षं तुम्ही लंगडत होतात, डाव्या पायावर भार नको म्हणून अंग उजवीकडे टाकत होतात. मांडीचे, जांघेतले आणि बैठकीचे स्नायू चार वर्षं तसेच आखडून राहिले. मिरजेला डॉक्टरांनी झिजलेला सांधा काढून नवा बसवला, पण स्नायू जुनेच आहेत. आत आता हाडावर हाड घासत नाही, ही बातमी त्यांच्यापर्यंत अजून पोचलेली नाही. त्यात कापल्याची सूज आणि दुखणं. दुखतं म्हणून ते आवळतात, आवळले की जास्त दुखतं, मग आणखी आवळतात.

नव्या सांध्यावर तुमचा विश्वास बसावा म्हणून एक गोष्ट सांगते, परवाच वाचली. खुबा बदलायची आजची पद्धत बसवली ती इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या राईटिंग्टन हॉस्पिटलातले डॉक्टर जॉन चार्नली यांनी. आधी त्यांनी खुब्याची वाटी, म्हणजे मांडीच्या हाडाचा बॉल जिच्यात फिरतो ती, टेफ्लॉनची केली होती. ती काही वर्षांतच झिजली आणि रुग्णांची ऑपरेशनं पुन्हा करावी लागली. 1962 मध्ये त्यांच्या वर्कशॉपमध्ये हॅरी क्रेव्हन नावाचे तंत्रज्ञ होते. त्यांच्याकडे एक विक्रेता वेगळ्याच प्लास्टिकचा तुकडा घेऊन आला. त्या भागातल्या कापड गिरण्यांत, मागांच्या गिअरसाठी ते वापरत. डॉक्टरांनी बघितलं आणि नको म्हणाले. क्रेव्हननी तरीही तो तुकडा झीज मोजायच्या यंत्रावर चढवला आणि रात्रंदिवस घासत ठेवला. तीन आठवड्यांत झाली ती झीज अगदी मामुली होती. त्याच वर्षी चार्नलींनी त्या पॉलिइथिलीनची वाटी बसवायला सुरुवात केली. धातूचा बॉल आणि त्याच प्लास्टिकची सुधारलेली वाटी, ही जोडी आजही जगभर बसवतात. बाबा, तुम्ही किर्लोस्करवाडीला तीस वर्षं फिटर होता. इचलकरंजीचे माग तुम्ही जवळून पाहिलेत. तुमच्या खुब्यातली चीज क्रेव्हनसारख्या कारागिरानं रात्रंदिवस घासून तपासली आहे, एवढं तरी माना. तुमचा बॉल वाटीत व्यवस्थित बसलाय. डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो दाखवून सांगितलंय.

आणि तो फोटो आठवला म्हणून लिहिते. डावा पाय एक इंच लांब झाला असं तुम्ही आईला रोज म्हणता. फोटोत दोन्ही पाय सारखे आहेत. कंबर चार वर्षं एका बाजूला कललेली होती, तिकडचे स्नायू अजून आखडलेले आहेत, म्हणून पाय लांब वाटतो. ते सैल होत जातात तसतसं हे वाटणं कमी होतं, त्याला काही महिने लागतात. डाव्या-उजव्या चपलेत काहीही घालून पातळी करू नका. विचारायचं असेल ते तीन महिन्यांच्या तपासणीला विचारू.

आता सैल कसं करायचं ते. लहानपणी तुम्ही मला सायकलचा गंजलेला नट सोडवायला शिकवलं होतं. मी पान्याला लोंबकळत होते. तुम्ही म्हणालात, "जोर लावलास तर आटे जातील. तेल सोड, थांब, थोडा पुढं, थोडा मागं, तो आपणहून येईल." बाबा, मांडीचंही अगदी तसंच आहे. तुम्ही सकाळी एकदाच अर्धा तास सगळे व्यायाम दात आवळून उरकता आणि मग दिवसभर दिवाणावर पडून राहता. ते नको. पाच-पाच मिनिटं, पण दिवसातून पाच-सहा वेळा. चालणंसुद्धा तसंच, स्वयंपाकघर ते पुढचं दार, पण तासा-दीड तासानं. एका जागी अर्ध्या-पाऊण तासापेक्षा जास्त बसू नका. बसलं की खुबा दुमडलेला राहतो आणि तसाच आखडतो.

उताणं पडून मांडी आवळायचा व्यायाम तुम्ही करता. गुडघा खाली गादीत दाबायचा आणि पाच आकडे मोजायचे. तुम्ही आवळता छान, पण सोडायचं विसरता. पाच झाले की लगेच पुढचं आवळणं सुरू. फिजिओ म्हणाले होते, आवळल्यानंतरचं सोडणं हाच खरा व्यायाम. आवळून सोडलेला स्नायू आधीपेक्षा सैल पडतो. म्हणून पाच आकडे आवळा, मग तोंडानं हळूहळू श्वास सोडत, भाकरीचं पीठ फुंकून उडवावं तसा, दहा आकडे मांडी अगदी टाकून द्या. हात ठेवून बघा, मऊ लागली तरच पुढचं. बैठकीचे स्नायू आवळायचे तेही असंच. टाच गादीवरून घासत वर ओढायची तेव्हा ओढताना श्वास सोडायचा. आणि खुर्चीतून उठताना तर नक्कीच. आई, तू समोर उभी राहून आकडे मोठ्यानं मोजू नकोस. तू मोजायला लागलीस की त्यांचे खांदे वर जातात, मी पाहिलंय. त्यापेक्षा त्यांना काहीतरी विचार. नदीचं पाणी विचार.

उशीबद्दल मला माफी मागायची आहे. घरी आणल्यावर पहिले दहा दिवस मी तुमच्या गुडघ्याखाली जाड उशी देत होते. तुम्हाला बरं वाटायचं, मलाही वाटायचं की आपण काहीतरी चांगलं करतोय. फिजिओ घरी आले तेव्हा त्यांनी पहिली ती उशी काढली. गुडघ्याखाली उशी असली की खुबा दिवसरात्र पुढे वाकलेला राहतो आणि जांघेतला स्नायू त्याच मापाचा होऊन बसतो. तुम्ही चालताना अजून कमरेत थोडे पुढे झुकता त्यात त्या दहा दिवसांचा वाटा आहे, आणि तो माझा आहे. आता दुपारी आणि रात्री वीस-वीस मिनिटं उताणं, पाय सरळ, गुडघ्याखाली काही नाही, असं पडा. पहिल्या पाच मिनिटांना जांघेत ओढ बसेल. श्वास सोडत राहिलात की ती उतरते. दोन पायांच्या मधली उशी मात्र ठेवायची, कुशीवर वळताना तर हवीच.

आई, मालिशवाल्यांना बोलावू नकोस. तू महानारायण तेलाची बाटली काढून ठेवली आहेस हे मला मावशीनं सांगितलं. आजींच्या कमरेला त्यांच्या हातानं आराम पडला होता, ते खरं. पण हे दुखणं वेगळं आहे. अशा ऑपरेशननंतर पोटरीतल्या आतल्या शिरेत रक्ताची गाठ धरू शकते. म्हणून तर ती रक्त पातळ ठेवायची गोळी आहे, डॉक्टर बंद करा म्हणेपर्यंत ती चुकवू नका. अशा पोटरीला कुणी रगडलं आणि गाठ सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. खुब्याला पीळ दिला, मांडी ओढली तर बसवलेला बॉल वाटीतून निसटू शकतो. तुला हात फिरवायचाच असेल तर त्यांच्या मानेला आणि खांद्यांना तेल लाव. वॉकर धरून तेही आखडलेत, आणि तुझा हात लागला की ते सैल होतात हे मला माहीत आहे. गरम पाण्याची पिशवी मांडीला नको. अजून सूज आहे आणि टाक्यांच्या भोवती त्यांना नीट कळत नाही, भाजलं तरी समजणार नाही. बर्फाची पिशवी टॉवेलात गुंडाळून पंधरा मिनिटं, चालून आल्यावर.

दुखण्याची गोळी बाबा लपवतात असं तू म्हणालीस. बाबा, गोळी न घेता सोसलंत की स्नायू आवळतात आणि व्यायाम वाया जातो. डॉक्टरांनी लिहून दिलीय तेवढीच, जास्त नाही, पण चालायच्या अर्धा तास आधी घ्या. रात्री पायात गोळा येतो तेव्हा उठून चालू नका. पडल्या पडल्या पाऊल वर-खाली करा, वीस वेळा. पण एकाच पोटरीत सारखं दुखत असेल, ती सुजली, गरम लागली, धाप लागली, छातीत दुखलं, ताप आला, टाक्यांतून पाणी यायला लागलं, किंवा एकदम जोराची कळ येऊन पाय आखूड आणि आत वळलेला दिसला, तर मला फोन नंतर करा. आधी शेजारच्या काकांच्या गाडीतून थेट मिरजेला.

बाकी नियम तुम्हाला पाठ आहेत. खुबा काटकोनापेक्षा जास्त दुमडायचा नाही, पायावर पाय नाही, पाऊल आत वळवायचं नाही. दाराच्या दोन पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. काठी द्यायची ठरली की ती उजव्या हातात, डाव्या नाही. इथे तुम्ही वाद घालाल. डाव्या पायावर भार पडला की कंबर तोलून धरण्याचं काम डाव्या खुब्याच्या बाजूच्या स्नायूला करावं लागतं. उजव्या हातातल्या काठीनं त्याचं बरंचसं ओझं हलकं होतं. कागदावर तरफ काढून बघा, तुम्हाला माझ्याआधी पटेल. आणि पावसाचे दिवस आहेत, मागच्या दाराजवळचं पोतेरं आजच उचला.

गणपतीला मी येतेय. राणी चन्नम्मा एक्सप्रेसचं तिकीट काढलंय, सकाळी सांगलीत. यंदा मूर्ती टेबलावर बसवू आणि बाबा, तुम्ही खुर्चीवर बसून पूजा करायची. उंच खुर्ची, गुडघ्यापेक्षा बूड वर राहील अशी, ती मी ऑनलाइन मागवलीय, शुक्रवारपर्यंत येईल. पाटावर बसल्याशिवाय पूजा कशी, असं तुम्ही म्हणाल हे मला माहीत आहे. गुरुजींशी मी बोलले आहे, त्यांची हरकत नाही. वाकून करायचं ते दादा करेल, मंत्र तुम्ही म्हणा. मंत्र म्हणताना श्वास आपोआप लांब सुटतो, ते मला हवंच आहे.

आई, त्यांना उठवताना काखेत हात घालून ओढू नकोस, तुझी कंबर जाईल. नुसती बाजूला उभी राहा. तुझ्या बीपीच्या गोळ्या संपत आल्या असतील, दादाला सांगितलंय.

पुढच्या मंगळवारी फोन करेन तेव्हा फोन परत साखरेच्या डब्याला लावा. बाबा, उठताना मला सांगा, आयर्विनला किती फूट आहे. मोठ्यानं सांगा.

तुमची,
सुमा