एकट्यालाच दिसणारी जाहिरात पकडायची कुणी?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझा घरगुती मसाल्याचा छोटा धंदा आहे, कांदा-लसूण मसाला, मेतकूट, थोडी लाल चटणी, आणि तो चालतो मोबाईलवरच्या जाहिरातींवर. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून वाटेल की ही बाई मोबाईलच्या नावानं बोटं मोडायला बसलीय. मार्च ते मे आमचा सीझन. ब्याडगी, संकेश्वरी मिरची वाळवायची, कांडपाला न्यायची, पॅक करायचं, आणि गिऱ्हाईक बहुतेक सगळं पुण्यातलं, इकडून नोकरीला गेलेली पोरं आणि त्यांच्या बायका. पूर्वी आम्ही पेपरात पॅम्प्लेट घालायचो, पण आमच्या गावच्या पेपरात पॅम्प्लेट घालून पिंपरीतल्या बाईला कसं कळणार, आणि पुण्याच्या पेपरात जाहिरात देण्याइतकी आमची ऐपत नाही. आता फेसबुक-इन्स्टावर दिवसाला दोनशे रुपये टाकते, पुणे आणि पिंपरी-चिंचवड, भाषा मराठी, वय पंचवीस ते पंचावन्न, स्वयंपाकाची आवड, एवढं निवडलं की रात्रीपर्यंत चौकशीचे मेसेज सुरू. ज्याला मसाला नको त्याला माझी जाहिरात दिसत नाही, माझे पैसे वाया जात नाहीत. हा फायदा नाकारणं म्हणजे खाल्ल्या मिठाला न जागणं.

पण हीच मशीन दुसऱ्या हातात गेली की काय होतं ते आमच्याच घरात झालं.

सासरे रिटायर्ड आहेत. त्यांना एका अ‍ॅपवर शेअर मार्केटची जाहिरात दिसायला लागली (अ‍ॅपचं नाव लिहीत नाही, कारण एकाच ठिकाणी होतं असं नाही, सगळीकडे तेच चाललंय), त्यात टीव्हीवर दिसणारा एक माणूस स्वतः बोलतोय असा व्हिडिओ, ओठसुद्धा बरोबर हलत होते. त्यांनी क्लिक केलं, ग्रुपमध्ये घेतलं गेलं, आणि चाळीस हजार गेले. चाळीस हजार म्हणजे त्यांची दोन महिन्यांची पेन्शन. आम्हाला कळलं तेव्हा सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाईनला फोन केला, तक्रार नोंदवली, तिथल्या माणसानं विचारलं जाहिरात कुठली होती, दाखवा. दाखवणार काय? ती परत दिसेचना. माझ्या फोनवर नाही, नवऱ्याच्या फोनवर नाही, शेजारच्या काकूंच्या नाही. एका घरात चार फोन, एकच वायफाय, आणि ती जाहिरात फक्त त्या एका म्हाताऱ्या माणसाला दिसली होती. उलट त्यानंतर त्यांना तसल्याच दुसऱ्या येत राहिल्या, सोन्याच्या, लोनच्या, पैसे दुप्पट करून देणाऱ्या.

तेव्हापासून माझ्या डोक्यात जे घोळतंय त्यासाठी हे पत्र. समजा तीच जाहिरात तुमच्या पेपरात छापून आली असती. सकाळी आठपर्यंत कट्ट्यावर कुणीतरी म्हणालं असतं अरे ही लबाडी आहे, बँकेतल्या साहेबानं वाचली असती, कुणी वकिलानं वाचली असती, तुम्हाला ऑफिसात दहा फोन आले असते, आणि अगदी काहीच झालं नसतं तरी महिन्यानं तो अंक रद्दीत तरी सापडला असता. पेपरातली जाहिरात गावासमोर असते. मोबाईलवरची जाहिरात माणसाला कोपऱ्यात घेऊन कानात सांगितल्यासारखी असते, आणि सांगणारा निघून गेला की कोण काय बोललं याला पुरावा नाही. लोक टार्गेटेड, म्हणजे माणूस निवडून दाखवलेल्या, जाहिरातींवर चर्चा करतात ती सगळी प्रायव्हसीवर, माझी माहिती घेतली, माझी माहिती विकली. ते आहेच. पण माझ्या मते खरी गोम या एकट्याला दिसण्यात आहे, कारण त्यामुळे चुकीचं काही पकडायला दुसरं कुणी हजरच नसतं.

आता जे येऊ घातलंय ते बघा. फेसबुक, इन्स्टा, व्हॉट्सअ‍ॅप ज्यांचं आहे त्या मेटा कंपनीनं १६ डिसेंबर २०२५ पासून एक नवीन गोष्ट चालू केली, त्यांच्या एआयशी तुम्ही जे बोलता त्यावरून तुम्हाला कुठल्या जाहिराती दाखवायच्या ते ठरणार. युरोप, ब्रिटन आणि दक्षिण कोरिया यातून वगळले, आपण नाही. नको असेल तर बंद करायची सोय नाही, नको असेल तर त्या एआयशी बोलू नका एवढंच. धर्म, राजकारण, आरोग्य असल्या विषयांवरचं बोलणं जाहिरातीसाठी वापरणार नाही असं कंपनी म्हणते. ठीक आहे, पण 'पेन्शन कुठं गुंतवू' हा प्रश्न आरोग्यात बसतो का धर्मात? व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसमध्ये जाहिराती येणार हे जून २०२५ मध्ये जाहीर झालंच. इथं एक मात्र खरं सांगायला पाहिजे, तुमचे मेसेज वाचून त्या जाहिराती देत नाहीत, मेसेज एन्क्रिप्टेड, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून कुणाला न वाचता येणारे, असतात, स्टेटसच्या जाहिरातीला शहर, भाषा, कुठले चॅनल फॉलो करता असलं बघतात. आमच्या भिशीतल्या बायका म्हणतात फोन माईकमधून ऐकतो, मला ते पटत नाही, ऐकायची गरजच काय, आपण दिवसभर बोटानं इतकं सांगत असतो.

आणि सगळ्यात मोठं म्हणजे २०२६ च्या अखेरपर्यंत जाहिरात बनवण्याचं अख्खं काम एआयवर सोडायचा मेटाचा बेत आहे अशी बातमी २०२५ च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या पेपरांत आली होती. म्हणजे मी फक्त मसाल्याचा फोटो आणि बजेट द्यायचं, फोटो, व्हिडिओ, मजकूर, कुणाला दाखवायचं ते सगळं मशीन करणार, आणि एकाच वस्तूची जाहिरात बघणाऱ्याप्रमाणे बदलणार, डोंगरातल्याला एक, शहरातल्याला दुसरी. धंदेवाली म्हणून मला याचा मोह होतोय, मी खोटं कशाला बोलू, डिझाईनवाल्या पोराला एका पोस्टला तीनशे द्यावे लागतात. पण सून म्हणून अंगावर काटा येतो. आत्ता निदान ती खोटी जाहिरात शंभर म्हाताऱ्यांना तरी सारखीच दिसते, उद्या शंभर जणांना शंभर वेगळ्या दिसतील, मग एकाची तक्रार दुसऱ्याच्या तक्रारीशी जुळणारच नाही.

हे माझ्या मनचे खेळ नाहीत. रॉयटर्स या वृत्तसंस्थेनं नोव्हेंबर २०२५ मध्ये मेटाच्या आतल्या कागदपत्रांवरून बातमी दिली, त्यात कंपनीचाच अंदाज होता की २०२४ च्या कमाईतला सुमारे १० टक्के हिस्सा, म्हणजे १६ अब्ज डॉलर, फसवणुकीच्या आणि बंदी असलेल्या मालाच्या जाहिरातींतून येईल. कंपनी म्हणाली हा आकडा कच्चा आहे, फुगलेला आहे. असेल बाबा. पण त्याच बातमीत आणखी एक होतं जे वाचून मी सासऱ्यांना हाक मारून दाखवलं, फसव्या जाहिरातीवर क्लिक करणाऱ्याला तशाच आणखी जाहिराती दिसायची शक्यता वाढते, कारण मशीनला वाटतं याला हे आवडतंय. आणि फसवणूक असल्याची ९५ टक्के खात्री झाली तरच जाहिरातदाराला बंद करायचं, त्याच्या खाली नुसता संशय असेल तर त्याच्याकडून जास्त दर घ्यायचा. चोर असल्याचा संशय आहे म्हणून खोलीचं भाडं वाढवून घेणारा लॉजवाला मी तरी बघितला नाही.

आमचा नवरा म्हणतो फुकट वापरायचं तर एवढं सोसायला पाहिजे. फुकट कसलं? २०२४ मध्ये मेटाची कमाई १६४ अब्ज डॉलर, जवळपास सगळी जाहिरातीची, त्यातच माझे दोनशे रुपये पण आहेत. त्याच पैशातून डेटा सेंटर, एआय, ५० हजार किलोमीटरची समुद्राखालची केबल, जी भारतातही येणार आहे. येऊ दे, नेट फास्ट झालं तर माझंच भलं आहे, व्हिडिओ लवकर चढेल.

मला जाहिराती बंद करायच्या नाहीत. मला एवढंच पाहिजे की दिलेली प्रत्येक जाहिरात सगळ्यांना बघता येईल अशा एका जागी वर्षभर राहावी, कुणी दिली, कुणाला दाखवायला सांगितली, यासकट. आणि हे अशक्य आहे असं कुणी सांगू नये, युरोपात कायद्यानं मोठ्या कंपन्यांना हे करावंच लागतं. आपल्याकडेही मेटा राजकीय जाहिराती खर्चाच्या अंदाजासकट ७ वर्षं जपून ठेवते, बाकीच्या जाहिराती मात्र चालू आहेत तोवरच त्यांच्या जाहिरातींच्या ऑनलाईन लायब्ररीत दिसतात, बंद झाली की गेली. म्हणजे नगरसेवकाच्या वाढदिवसाची जाहिरात जपून ठेवायची आणि म्हाताऱ्याची पेन्शन खाणारी पुसायची, हे कुठलं शहाणपण? आपला डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, पूर्ण लागू व्हायला २०२७ चा मे उजाडणार. त्यात १८ वर्षांखालच्या मुलांना टार्गेट करून जाहिरात दाखवायला मनाई आहे, चांगली गोष्ट आहे, पण मोठ्यांच्या बाबतीत सगळा भार संमतीवर. सासऱ्यांनी संमती दिलीच होती की, ते हिरवं बटण दाबतातच, न दाबून करतील काय.

सगळ्यांना बघता येणाऱ्या अशा जागी माझ्याही जाहिराती दिसतील, शेजारच्या गावातली दुसरी मसालेवाली माझं टार्गेटिंग बघून कॉपी मारेल, हे मला कळतं. मारू दे. मिरची कुठली वापरते ते तिला तसंही माहितीय.

परवा सासऱ्यांच्या फोनवर परत एक आली, या वेळी गुडघेदुखीच्या तेलाची, एका मोठ्या डॉक्टरांचा चेहरा लावून. मी लगेच स्क्रीनशॉट काढून ठेवलाय. तुमच्या बातमीदाराला पाहिजे असेल तर सांगा, पाठवून देते.

आपली,
एक वाचक, जयसिंगपूर