ओव्हनचे डाग आणि सोडा

तीर्थरूप आई-बाबांस,

साष्टांग नमस्कार.

आई, ओव्हन लावला की आधी धूर येतो आणि मग नानखटाईला बांगड्याचा वास लागतो, असं तू फोनवर म्हणालीस. वेंगुर्ल्याच्या बाजारातून ओव्हन क्लीनर आणायला बाबांना पाठवू नकोस. त्यात बहुतेक वेळा कॉस्टिक सोडा, म्हणजे फार जहाल क्षार, असतो. त्याच्या वाफेने बाबांचा खोकला चाळवेल आणि आतला पत्राही खराब होईल. घरात आहे तेवढ्यात काम होतं, फक्त कुठल्या डागाला काय लावायचं ते आधी बघा.

तळाला काळा, फुगलेला, चकाकणारा थर असेल तर तो साखरेचा. पावसाच्या धास्तीने आंब्याची साठं ओव्हनमध्ये वाळवली की रस ओघळतोच. त्याला सोडाबिडा काही नको. कढत पाण्यात फडकं बुडवून, पिळून, अर्धा तास डागावर पसरून ठेवायचं. थर मऊ पडला की लाकडी कालथ्याने ढकलला तरी सुटतो. कोळसाच झाला असेल तेवढा भाग मात्र घासावा लागेल.

भिंतींवर आणि काचेवर जो पिवळट-तपकिरी, बोटाला चिकटणारा थर आहे तो तेलाचा. बांगडा मुळात तेलकट. भाजताना त्याचे बारीक शिंतोडे उडतात आणि परत परत तापून वार्निशसारखे घट्ट बसतात. सोडा लागतो तो इथे, आणि त्याला वेळ द्यावा लागतो.

आता कृती. प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागणार नाही. ओव्हन पूर्ण गार होऊ द्या. तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर काच तडकते. टेबलावर घ्यायचा तर दोघांनी मिळून उचला, बाबांनी एकट्याने नाही. जाळी, ट्रे आणि खालचा चुऱ्याचा ट्रे बाहेर काढा. सुका चुरा ब्रशने झाडून घ्या, नाहीतर ओलं केल्यावर त्याचाच चिखल होतो.

अर्धी वाटी खाण्याचा सोडा घ्या आणि त्यात चमच्याचमच्याने पाणी घाला. तीन-चार चमचे पुरतात. लेप इडलीच्या पिठापेक्षा घट्ट हवा, ओघळला तर पातळ झाला समजा. हातमोजे घालून तो भिंतींवर, तळाला आणि काचेच्या आतल्या बाजूला थापा. वरच्या-खालच्या रॉडना, रॉड भिंतीत शिरतात त्या चिनी मातीच्या टोप्यांना आणि आत बारीक नळीसारखा थर्मोस्टॅट दिसतो त्याला लेप लावू नका. रॉडवर उडालेलं तेल पुढच्या तापवण्यात आपोआप जळून जातं.

लेप किती वेळ ठेवायचा ते आतल्या पत्र्यावर ठरतं. आतून काळा किंवा ठिपक्यांचा, काचेसारखा गुळगुळीत मुलामा असेल तर रात्रभर ठेवा. राखाडी, धातूसारखा दिसत असेल तर त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा थर असू शकतो. सोड्याने तो काळवंडतो, म्हणून वीस मिनिटांत पुसून टाका आणि हवं तर दुसरा हात द्या. धुण्याचा सोडा तर तिथे अजिबात नको, तो बराच जहाल असतो. अ‍ॅल्युमिनियमच्या ट्रेलाही हाच नियम.

लेप काढताना ओलं फडकं आणि लाकडी कालथा वापरा. तारेच्या घासणीचे तुकडे आत राहतात आणि आपल्याकडच्या खाऱ्या हवेत लगेच गंजतात. राखेने काचेवर चरे पडतात. नारळाच्या सोडणाचा काथ्या मुलाम्याच्या भिंतीला चालतो, काचेला नको.

आई, सोड्यावर व्हिनेगर ओतून फेस काढण्याची हौस करू नकोस. दिसायला झकास दिसतं, पण दोघं एकमेकांना मारून टाकतात आणि हातात जवळजवळ नुसतं खारट पाणी उरतं. व्हिनेगर शेवटी: निम्मं पाणी घालून, फडक्यावर घेऊन पुसायचं. सोड्याचा उरलेला पांढरा थर त्याने निघतो आणि माशाचा वासही मरतो, कारण तो वास आंबटाने दबतो. व्हिनेगर नसेल तर लिंबू चालेल. कोकमाचं आगळ मात्र नको. तांब्याच्या भांड्यांना ते उत्तम, पण त्यात मीठ असतं आणि पत्र्याला मिठाने गंज धरतो.

बाबा, विहिरीसाठी आणलेली ब्लीचिंग पावडर या कामाच्या आसपासही ठेवू नका. तिच्यात व्हिनेगर किंवा लिंबू पडलं तर क्लोरीन वायू सुटतो.

जाळी आणि स्टीलचे ट्रे मागीलदारी टबात टाका. बादलीभर कढत पाणी, पाव वाटी सोडा, चमचाभर भांड्यांचं लिक्विड, दोन तास. मग घासून लगेच कोरडे करा. नॉनस्टिक ट्रेला फक्त लिक्विड आणि मऊ स्पंज.

सगळं पुसून झालं की दार उघडं ठेवून दिवसभर वाळू द्या. मग खिडकी उघडून रिकामा ओव्हन १५० अंशांवर पंधरा मिनिटं चालवा. थोडा वास येईल, तो ठीक आहे. भिंतीवर पांढरी भुकटी उमटली तर सोडा राहिलाय. गार झाल्यावर पुन्हा व्हिनेगरचं फडकं फिरवा.

पावसाळ्यानंतर ओव्हन लावताच बोर्डावरचा ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडत असेल तर ते सफाईचं काम नाही. रॉडच्या आत मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड भरलेली असते, ती दमट हवेत ओल धरते आणि करंट बाहेर गळतो. ईएलसीबी बायपास करून ‘चालतंय ना’ म्हणणारा कुणी आला तर त्याला चहा देऊन परत पाठवा. जाणत्या वायरमनकडून रॉड आणि अर्थिंग तपासून घ्या, तोवर ओव्हन बंद.

आणि सालासकट काजूबिया ओव्हनमध्ये भाजायच्या नाहीत. सालातलं तेल कातडी भाजून काढतं, त्याचा धूर घरभर होतो आणि तो डाग सोड्याला दाद देत नाही. सोललेले गर खुशाल भाजा.

यापुढे बांगडा भाजताना जाळीखाली ट्रे ठेवून त्यात पेलाभर पाणी घाला, म्हणजे तेल जळायच्या आधीच पाण्यात पडेल. तळाच्या पत्र्यावर फॉइल अंथरू नका, उष्णता कोंडून खालचा रॉड खराब होतो.

रबरी हातमोज्यांचे दोन जोड पार्सलने पाठवते आहे, मोठे बाबांचे.

तुमची,
लेक