अडलेली म्हैस सकाळपर्यंत थांबत नाही: पशुसंवर्धन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय पशुसंवर्धन मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

आढावा बैठकांत कृत्रिम रेतनाचे आकडे विचारले जातात, लाळ्या-खुरकूत लसीकरणाची टक्केवारी विचारली जाते, कानातल्या बिल्ल्यांची नोंद झाली का ते पाहिलं जातं. हे सगळं व्हायलाच हवं. पण रात्री प्रसूतीत अडलेल्या किंवा आजारी पडलेल्या गाई-म्हशींपैकी किती जणींपर्यंत डॉक्टर पोचला आणि किती वेळात पोचला, हे सहसा कुणी विचारत नाही. हे पत्र तेवढ्यासाठीच आहे.

दुग्धज्वर घ्या. तिसऱ्या वेतापुढची, भरपूर दुधाची संकरित गाय व्याल्यावर पहिले दोन-तीन दिवस धोक्याचे. चिकातून कॅल्शियम भसाभस निघून जातं, हाडांतून तेवढ्या वेगाने रक्तात येत नाही. आधी मागचे पाय लटपटतात, मग गाय बसते आणि मान वळवून कुशीला लावते. कान गार पडतात, नाक कोरडं होतं, अंगाचं तापमान नेहमीपेक्षा उतरतं. यावर कॅल्शियम बोरोग्लुकोनेटची ४५० मिलीची बाटली शिरेतून द्यावी लागते. ती आधी कोमट करायची, पंधरा-वीस मिनिटं घेऊन हळूहळू सोडायची आणि स्टेथोस्कोप छातीवरून हलवायचा नाही. ठोके अडखळले की लगेच थांबायचं. घाईने सोडली तर हृदय बंद पडून गाय सुई शिरेत असतानाच दगावते. नीट दिली तर अंगाला थरथर सुटते, ढेकर येतो, गाय शेण टाकते आणि बऱ्याचदा तासाभरात उभी राहते.

पण हीच गाय रात्री दहाला बसली आणि डॉक्टर सकाळी नऊला आला तर चित्र वेगळं असतं. पाच-सहा क्विंटल वजन एकाच मांडीवर, तेही फरशीवर, तासन्‌तास पडून राहिलं की त्या मांडीचा रक्तपुरवठा दबतो, स्नायू आणि नस खराब होते. मग कॅल्शियम देऊनही ती उठत नाही. पुढे कितीतरी दिवस दर दोन-तीन तासांनी कूस पालटायची, अंगाखाली वाळू किंवा भुसा घालायचा. एवढं करूनही अनेक गाई जातात. रात्रभर वाट पाहणारा शेतकरी काळजीपोटी तिला गूळपाणी नाहीतर तेल पाजतो. तिच्यात गिळायची ताकद नसते, पाजलेलं फुप्फुसात जातं. दोष त्याचा नाही. हाकेला येणारं कुणी नसतं.

म्हशीत अडण्याचं मोठं कारण म्हणजे गर्भाशयाला पडलेला पीळ. कळा सुरू होऊन थांबतात, पाणमोट दिसत नाही, म्हैस शेपटी उचलून ऊठबस करते, पोटाकडे लाथा झाडते. हात घातला की योनिमार्गाच्या वळ्या पिळलेल्या लागतात आणि त्यांवरून पीळ डावा की उजवा ते कळतं. बहुतेक वेळा तो उजवा असतो. तो सोडवायची रीत अशी: ज्या बाजूला पीळ, त्याच कुशीवर म्हशीला पाडायचं. पुढचे दोन पाय एकत्र, मागचे दोन एकत्र बांधायचे. साधारण दहा फूट लांब, पाऊण फूट रुंद फळी कुशीवर तिरकी ठेवायची, तिचं एक टोक जमिनीला टेकवायचं आणि एका माणसाने फळीवर उभं राहायचं. बाकीच्यांनी दोर ओढून म्हशीला पिळाच्याच दिशेने सावकाश पालटायचं. फळी गर्भाशयाला जागेवर धरते आणि शरीर त्याभोवती फिरतं. प्रत्येक पालटीनंतर हात घालून पाहायचं. तीन-चार पालटींत पीळ सुटला नाही तर सिझेरियन. दीड दिवस उलटला की गर्भाशय सुजून आजूबाजूला चिकटू लागतं आणि फळीचा उपयोग उरत नाही.

डॉक्टर मिळत नाही तेव्हा याच म्हशीला कुणीतरी ‘कळा वाढायचं’ इंजेक्शन म्हणून ऑक्सिटोसिन टोचतो. वाट पिळाने बंद आणि आतून जोर वाढवलेला, अशाने गर्भाशय फाटतं. वासराची मान मागे वळलेली असेल तर असाच घात होतो. दोन खुर बाहेर दिसतात म्हणून सहा-सहा माणसं दोर ओढतात, क्वचित ट्रॅक्टरही जोडतात. खरं म्हणजे तिथे शेपटीच्या मुळाशी लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध देऊन कळांचा जोर शमवायचा, भरपूर वंगण घालायचं, वासराला आधी आत ढकलायचं, मान सरळ करायची, मग दोन माणसांनी कळेबरोबर ओढायचं. हे शिकलेल्या हाताचं काम आहे.

कोवळ्या किंवा पाण्याच्या ताणातल्या ज्वारीच्या फुटव्यांवर जनावर गेलं की किराळ लागते, म्हणजे सायनाइडची विषबाधा होते. तिथे तर तासांची नव्हे, मिनिटांची बाब असते. सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट त्या क्षणी पिशवीत हवंच.

आमचं मागणं प्रत्येक दवाखाना रात्रभर उघडा ठेवा असं नाही. ते जमणारही नाही. तालुक्यात दर रात्री एका पशुधन विकास अधिकाऱ्याची, म्हणजे सरकारी पशुवैद्यकाची, पाळी लावा, सोबत एक सहायक, गाडी आणि चालक द्या, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना सुट्टी द्या. केंद्राच्या योजनेत एक लाख पशुधनामागे एक फिरतं पशुवैद्यकीय पथक धरलेलं आहे आणि १९६२ हा त्याचा फोन क्रमांक लोकांना माहीत झाला आहे. रात्री त्या क्रमांकावर आलेली हाक थेट पाळीवरच्या डॉक्टरकडे जावी. महिला डॉक्टर एकट्या आडरानातल्या वस्तीवर जाणार नाहीत, याची व्यवस्था आदेशातच असू द्या.

राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ मध्ये ५,००० पशुघटकांमागे (एक मोठं जनावर म्हणजे एक घटक, लहान जनावरं अनेक मिळून एक) एक पशुवैद्यक असावा असं म्हटलं होतं. २०१९ च्या गणनेत राज्यात सुमारे ३ कोटी ३० लाख पशुधन नोंदलं गेलं. रिक्त पदं भरल्याशिवाय रात्रपाळी लावली तर दिवसाचा दवाखाना बंद पडेल, म्हणून दोन्ही निर्णय एकत्र घ्यावेत. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार पशुधन पर्यवेक्षकांनी, म्हणजे पशुवैद्यक नसलेल्या कर्मचाऱ्यांनी, किरकोळ सेवा नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली द्यायच्या असतात. पीळ किंवा सिझेरियन त्यांच्या गळ्यात टाकणं त्यांच्यावरही अन्याय आहे.

पाळीच्या पिशवीत काय असावं तेही ठरवून द्या: कॅल्शियमच्या किमान चार बाटल्या, प्रसूतीचे उकळता येतील असे दोर, लिग्नोकेन, पोटफुगीत वायू काढायची जाड टोकदार नळी (ट्रोकार), सिझेरियनचा निर्जंतुक संच, डोक्याला बांधायची बॅटरी आणि खांद्यापर्यंतचे हातमोजे. हातमोज्यांवर आम्ही मुद्दाम जोर देतो. गाभडलेल्या जनावराची वार आणि स्राव उघड्या हाताला लागला की ब्रुसेलोसिस हा संसर्गजन्य रोग माणसाला होऊ शकतो. महिनोन्‌महिने चढ-उताराचा ताप आणि सांधेदुखी मागे लागते. पर्यवेक्षकांपासून चालकांपर्यंत सगळ्यांना रेबीजची प्रतिबंधक लसही आधीच दिलेली असावी. लाळ गाळणाऱ्या, गिळू न शकणाऱ्या जनावराच्या तोंडात काही अडकलंय असं समजून हात घातला जातो, आणि ती पिसाळी असू शकते.

हाक किती वाजता आली, डॉक्टर किती वाजता पोचला, जनावर वाचलं का, या तीन नोंदी मासिक अहवालात घ्या. म्हशींची बहुतेक वेतं पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून हिवाळ्यापर्यंत असतात. त्यामुळे दुधाच्या तालुक्यांपुरता का होईना, रात्रपाळीचा पहिला तक्ता जूनअखेर लागलेला असावा.

आपले,
ग्रामीण भागात काम करणारे पशुवैद्यक