दादा, आधी नॉर्टनची फाईट बघ

प्रिय दादा,
सप्रेम नमस्कार.

रविवारी फोनवर आपलं बोलणं अर्धवटच राहिलं, आईला बोलायचं होतं म्हणून तू फोन तिच्याकडे दिलास आणि माझं म्हणणं तसंच राहून गेलं. तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये म्हणून शेवटी पत्रच लिहायला घेतलं. तू म्हणालास की बॉक्सर लॅरी होम्सने हरवलं कोणाला, एक म्हातारा मोहम्मद अली आणि बाकी सगळा भरणा. हे वाक्य मला फार लागलं रे. कारण परवाच सुट्टीत मी होम्सच्या गावी, ईस्टनला जाऊन आलो, इथून फार लांब नाही. डेलावेअर नदीच्या काठाने जो रस्ता जातो त्याला लॅरी होम्स ड्राइव्ह असंच नाव आहे आणि तिथे २०१५ साली त्याचा पुतळा बसवलाय. सातवीत शाळा सोडून गाड्या धुवायला लागलेला पोरगा, पुढे सात वर्षं हेवीवेट चॅम्पियन राहिला, वीस वेळा टायटल राखलं. पुतळ्यासमोर उभा होतो आणि तुझं ते 'भरणा' कानात वाजत होतं.

आधी अलीचं बोलू. ती फाईट तू वजा कर म्हणजे काय, मीच करतो. २ ऑक्टोबर १९८०, अली ३८ वर्षांचा, थायरॉइडच्या गोळ्या खाऊन वजन उतरवलेलं, अंगात काही उरलेलंच नाही. मी ती एकदाच बघितली, परत बघवत नाही. होम्स मारता मारता रेफ्रीकडे बघतोय, थांबवा म्हणून, आणि कोणी थांबवत नाही, दहा राउंड झाल्यावर अलीचा ट्रेनर अँजेलो डंडीने थांबवली एकदाची. ज्याचा स्पारिंग पार्टनर म्हणून होम्स वर्षानुवर्षं राबला, ज्याच्याकडून शिकला, त्यालाच मारायची वेळ आली आणि नंतर हा रडला. त्या रात्रीतून होम्सच्या खात्यात काहीच जमा होत नाही, हे तुझं मान्य.

पण मग वजाबाकी करून काय उरतं ते तरी बघशील का. ९ जून १९७८, लास वेगास, सीझर्स पॅलेस, समोर तेव्हाचा चॅम्पियन केन नॉर्टन. हा तोच ज्याने १९७३ मध्ये अलीचा जबडा मोडला होता. फाईटच्या काहीच दिवस आधी होम्सच्या डाव्या हाताचा स्नायू दुखावलेला, आणि तुला माहितीये त्याचा सगळा खेळ त्या डाव्या जॅबवर, म्हणजे सरळ झटकन मारायच्या ठोशावर. तरी पहिले राउंड त्याने जॅबवरच काढले, मग नॉर्टन हळूहळू आत घुसायला लागला, खांद्याने रेटत, बरगड्यांवर मारत. चौदा राउंड झाले तेव्हा तिन्ही जजांकडे पॉइंट सारखे. म्हणजे सगळं आलं शेवटच्या तीन मिनिटांवर. त्या तीन मिनिटांत सुरुवातीला नॉर्टनच जास्त मारतोय, होम्सचं डोकं मागे मागे जातंय, वाटतं की गेलं हातातून, आणि मग अर्ध्या राउंडनंतर हा कुठून ताकद आणतो कोण जाणे, पाय रोवून उभा राहतो आणि दोन्ही हातांनी मारायला लागतो, नॉर्टन हलतो, घंटा वाजेपर्यंत दोघांपैकी एकही मिठी मारून वेळ काढत नाही. १४३-१४२ दोन जजांचे होम्सला, १४३-१४२ एकाचे नॉर्टनला. एका पॉइंटाने टायटल. ह्याला तू भरणा म्हणतोस?

मला माहितीये तू काय म्हणणार, नॉर्टन संपलेला होता, नऊच महिन्यांनी अर्नी शेव्हर्सने त्याला पहिल्याच राउंडमध्ये झोपवला. हो झोपवला. पण दादा, ते पंधरा राउंड अंगावर घेतल्यानंतरचं आहे, आणि जोरात मारणाऱ्यांपुढे नॉर्टन कधीच टिकला नाही, १९७४ ला फोरमननेही त्याला दोन राउंडमध्येच उरकला होता, तेव्हा काय तो संपलेला होता का? उलट होम्स त्याच शेव्हर्ससमोर दोनदा उभा राहिला. एकदा बारा राउंड पॉइंटवर सहज जिंकला आणि दुसऱ्यांदा, सप्टेंबर १९७९ ला, सातव्या राउंडमध्ये शेव्हर्सचा उजवा ठोसा असा बसला की होम्स आडवा. तो ठोसा खाऊन लोक उठत नसत. हा उठला, लटपटत राउंड काढला आणि अकराव्यात शेव्हर्सलाच थांबवला. प्रतिस्पर्धी किती भारी होता हे मला तरी त्याच्या रेकॉर्डच्या कागदावरून कळत नाही, त्याने चॅम्पियनला किती खोल पाण्यात नेलं आणि चॅम्पियन कसा बाहेर आला त्यावरून कळतं.

कागदाचं म्हणशील तर माइक वीव्हर घे. १९७९ च्या जूनमध्ये होम्सशी खेळला तेव्हा त्याच्या नावावर आठ पराभव, सगळे म्हणाले हा कोण आणला. त्याने होम्सच्या नाकी नऊ आणले, बाराव्या राउंडपर्यंत थांबला नाही. आणि वर्ष व्हायच्या आत त्याच वीव्हरने जॉन टेटला शेवटच्या मिनिटात नॉकआउट करून डब्ल्यूबीए ह्या बॉक्सिंग संघटनेचं टायटल घेतलं. ट्रेव्हर बर्बिक १९८१ ला होम्सकडून हरला, १९८६ ला चॅम्पियन. टिम विदरस्पून १९८३ ला हरला, पुढच्याच वर्षी चॅम्पियन, नंतर दुसऱ्यांदाही. बोनक्रशर स्मिथ १९८४ ला हरला, १९८६ ला चॅम्पियन. असे चार जण. आता तू म्हणशील नॉर्टनचं नंतरचं धरायचं नाही आणि ह्यांचं मात्र धरायचं, हा कुठला न्याय. बरोबर आहे तुझं, नंतरच्या बेल्टवरून त्या रात्रीचा माणूस ठरत नाही, विदरस्पून तेव्हा अवघ्या पंधरा फाईट खेळलेला कोवळा पोरगा होता. पण त्या कोवळ्या पोराने होम्सला नवव्या राउंडमध्ये काय धुतलाय बघ, निकाल एका जजाच्या फरकाने लागला आणि मला विचारशील तर तो उलटा लागला असता तरी मी भांडलो नसतो. ज्यांच्यापुढे चॅम्पियनला इतकं झगडावं लागतं ते भंगार नसतात, एवढंच माझं म्हणणं.

आता जिथे तुझं खरं आहे ते सांगतो, लपवण्यात अर्थ नाही. १९८३ पासून होम्स माणसं निवडायला लागला. ग्रेग पेज नंबर लावून उभा होता, त्याच्याशी खेळला नाही, मार्व्हिस फ्रेझरशी खेळला ज्याच्या जेमतेम दहा फाईट झाल्या होत्या, एका राउंडमध्ये संपलं. होम्सचा बेल्ट ज्या संघटनेचा होता त्या डब्ल्यूबीसीने त्या फाईटला मान्यताच दिली नाही आणि मग त्याने तो बेल्टच सोडला. विदरस्पूनला परत संधी नाही, वीव्हरलाही चॅम्पियन असेपर्यंत नाही. पिंकलन थॉमस, माइक डोक्स कोणाशीच नाही. मला हे खुपतं, मनापासून खुपतं, कारण त्यातले दोन-तीन जण तरी त्याने नक्की हरवले असते आणि आज आपण हे भांडण भांडत नसतो.

पण मग हाच तराजू तुझ्या त्या जुन्या चॅम्पियनला, रॉकी मार्सियानोलाही लाव ना. ४९-०, म्हणजे ४९ जिंकल्या आणि हार एकही नाही, म्हणून तू छाती काढून सांगतोस. त्याच्यासमोरचा माजी चॅम्पियन जो लुई ३७ वर्षांचा, वॉलकॉट ३८ चा, तोही पहिल्या राउंडमध्ये ह्याला पाडून तेराव्यापर्यंत पॉइंटवर पुढे होता. म्हणून मार्सियानो लहान होत नाही, तेराव्यातला तो एक उजवा ठोसा कोणी विसरू शकत नाही. होम्स ४८-० वर होता तेव्हा मायकल स्पिंक्सकडून हरला आणि रागाच्या भरात मार्सियानोबद्दल नको ते बोलून बसला, नंतर माफी मागितली पण लोकांनी ते लक्षात ठेवलं आणि बाकीचं विसरले. तूही त्यातलाच एक आहेस असं मला वाटतं, राग मानू नकोस.

येत्या रविवारपर्यंत एक कर. नॉर्टनची फाईट लाव, आवाज बंद कर म्हणजे कॉमेंटेटरचं ऐकून मत बनणार नाही, आणि कागद घेऊन प्रत्येक राउंडचे पॉइंट स्वतः लिही. पंधरावा राउंड तू कोणाला देतोस ते मला ऐकायचंय. तू नॉर्टनला दिलास तरी चालेल.

आईला सांग तब्येत ठीक आहे, आणि यावेळी फोन तिच्याकडे आधी दे म्हणजे आपल्याला नंतर निवांत बोलता येईल. बाबांना नमस्कार.

तुझा,
धाकटा