प्रोस्टेटची गोळी लिहिताना ‘मूल हवे आहे का?’ हेही विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सप्टेंबर हा प्रोस्टेट कॅन्सरच्या जनजागृतीचा महिना. त्या सुमारास वृत्तपत्रांत जे छापून येते त्यात साठी उलटलेले आजोबा असतात, रात्री चारदा उठणे असते आणि पीएसए या रक्ततपासणीचा सल्ला असतो. सल्ला योग्यच आहे. पण प्रोस्टेट ही ग्रंथी मुळात वीर्यासाठी आहे. लघवीची नळी तिच्या मधून जाते म्हणून ती वाढली की लघवीला त्रास होतो, एवढाच तिचा लघवीशी संबंध. ही बाजू ना लिहिली जाते, ना दवाखान्यात बोलली जाते. त्याचा फटका मूल होत नाही म्हणून बोलणी खाणाऱ्या सुनेला बसतो, आणि लघवीची गोळी सुरू झाल्यावर ‘आपले सगळे संपले’ असे मनाशी धरून गप्प राहणाऱ्या पुरुषालाही. म्हणून हे जरा लांबलेले पत्र.

तरुणपणी प्रोस्टेटचे वजन साधारण २० ग्रॅम असते, सोललेल्या सुपारीपेक्षा थोडी मोठी. मूत्राशयाच्या तोंडाशी ती बसलेली असते आणि पाठीमागे गुदाशय असतो, म्हणूनच डॉक्टरांना बोटाने ती चाचपता येते. वीर्याचा ६५ ते ७५ टक्के भाग शुक्राशयांतून (मूत्राशयामागच्या दोन पिशव्यांतून) येतो, २० ते ३० टक्के प्रोस्टेटमधून, आणि वृषणांतून आलेले शुक्रजंतू त्यात जेमतेम २ ते ५ टक्के. (नसबंदीनंतर वीर्याचे प्रमाण डोळ्यांना जाणवेल इतके कमी होत नाही ते यामुळेच. नसबंदीला घाबरणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.) प्रोस्टेटच्या पाण्यात जस्त, सायट्रिक आम्ल आणि काही विकरे (एन्झाइम) असतात. वीर्य बाहेर पडताच थिजते आणि १५ ते ३० मिनिटांत पातळ होते. ते पातळ करणारे विकर म्हणजेच पीएसए. रक्तात त्याचा आकडा वाढला की आपण घाबरतो, पण त्याचे खरे काम शुक्रजंतूंना त्या थिजलेल्या वीर्यातून मोकळे करण्याचे आहे.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. वीर्यपतनाच्या वेळी आधी प्रोस्टेटचे पाणी आणि बहुतेक शुक्रजंतू बाहेर येतात, शुक्राशयाचा भाग मागाहून. म्हणजे तपासणीच्या वेळी पहिले थेंब डबीबाहेर सांडले तर उरलेल्या नमुन्यात शुक्रजंतू कमी दिसणारच. असा सदोष अहवाल हातात घेऊन जोडपी वर्षभर औषधे खातात. सांडले असेल तर तंत्रज्ञाला सरळ सांगावे. लाजण्यासारखे त्यात काही नाही, तपासणी पुन्हा करता येते.

नमुना देण्यापूर्वी किमान २ आणि जास्तीत जास्त ७ दिवस वीर्यपतन झालेले नसावे. आधी लघवी करून यावी, हात आणि लिंग धुऊन कोरडे करावे, साबणाचा अंश राहू देऊ नये. तेल, थुंकी, साधा निरोध यांतले काहीही वापरू नये, शुक्रजंतू त्याने मरतात किंवा मंदावतात. डबी प्रयोगशाळेनेच दिलेली, रुंद तोंडाची. घरून आणायचा असेल तर नमुना तासाभराच्या आत पोचला पाहिजे, तोही शर्टाच्या आतल्या खिशात अंगाच्या उबेला ठेवून. बर्फात नाही आणि उन्हात तापलेल्या स्कूटरच्या डिकीत तर नाहीच. मंडणगड-गुहागरच्या आडगावांतून चिपळूण किंवा रत्नागिरी गाठायला तासाहून जास्त लागतो. तिथल्या माणसाने घरून आणण्याचा खटाटोप करू नये, प्रयोगशाळेत येऊनच द्यावा. आणि प्रयोगशाळांनी त्यासाठी कडी लागणारी एक स्वच्छ खोली ठेवावी. सार्वजनिक स्वच्छतागृहाकडे बोट दाखवणे ही सोय नव्हे.

अहवाल कसा वाचायचा? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेतील किमान संदर्भमूल्ये अशी: एकूण वीर्य १.४ मिली, दर मिलीत १ कोटी ६० लाख शुक्रजंतू, हालचाल करणारे ४२ टक्के. आकडा याच्या खाली गेला म्हणजे मूल होणारच नाही असे नाही. शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, त्यामुळे दोन महिन्यांपूर्वीच्या जोरदार तापाचा परिणाम आजच्या अहवालात दिसतो. एका अहवालावर निकाल देऊ नये, तीन महिन्यांनी पुन्हा करावा.

प्रोस्टेटशी निगडित खुणा मात्र नेमक्या आहेत. वीर्य फारच थोडे, त्यात शुक्रजंतू शून्य, सामू (पीएच) ७.२ च्या खाली आणि फ्रुक्टोज ही शुक्राशयातून येणारी साखर नाही, असे चारही जुळले तर वृषणांकडे नंतर पाहावे. आधी शुक्रवाहिनी (वृषणांतून शुक्रजंतू आणणारी नळी) आणि शुक्राशये जन्मतः आहेत का, आणि प्रोस्टेटमधून जाणारी वीर्यवाहिनी कुठे बंद झाली आहे का, ते गुदमार्गाच्या सोनोग्राफीने पाहावे. आपल्या देशात जननमार्गाचा क्षयही असा अडथळा करतो. वीर्य तासाभरानेही पातळ झाले नाही तर प्रोस्टेटचे काम मंदावल्याची शंका घ्यावी. ‘पस सेल्स’च्या (पुवातल्या पांढऱ्या पेशींच्या) रकान्यात मात्र फार गफलत होते. सूक्ष्मदर्शकात दिसणारी प्रत्येक गोल पेशी पांढरी पेशी नसते, कित्येकदा ती अपक्व शुक्रपेशी असते. दोन्हींतला फरक पेरॉक्सिडेज रंगाने कळतो. तो न करता प्रतिजैविकांचा कोर्स लिहून देणे चुकीचे आहे. दर मिलीत खरोखर १० लाखांहून जास्त पांढऱ्या पेशी असतील तरच जंतुसंसर्गाचा शोध घ्यावा.

आणि हे सगळे मूल न होणाऱ्या प्रत्येक जोडप्यात पहिल्याच भेटीत व्हायला हवे. अशा जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाकडचे कारण एकटे किंवा बाईच्या कारणाबरोबर असते. तरीही सुनेच्या सोनोग्राफ्या, दुर्बिणी, नवस-सायास सगळे उरकते आणि तिच्या नवऱ्याची एक तपासणी राहून जाते.

तरुणांना होणारा प्रोस्टेटचा आजार म्हणजे सूज. पावसाळ्यात थंडी वाजून ताप आला की आपल्याकडे पहिले नाव लेप्टोचे किंवा मलेरियाचे निघते, आणि ते तपासायलाच हवे. पण तापासोबत लघवीला जळजळ असेल, धार अडत असेल आणि अंडकोश व गुदद्वार यांच्यामधल्या जागेत ठणका असेल तर लघवीची साधी तपासणी आणि कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) त्याच दिवशी करावे. हा प्रोस्टेटचा तीव्र जंतुसंसर्ग असू शकतो. अशा वेळी ग्रंथी दाबून पाणी काढू नये, जंतू रक्तात पसरतात. प्रतिजैविके दोन ते चार आठवडे घ्यावी लागतात. पाचव्या दिवशी ताप उतरला म्हणून गोळ्या सोडणाऱ्यात आजार मुरतो. उलट, महिनोन्‌महिने चालणाऱ्या ओटीपोटाच्या दुखण्यात बहुतेकांत जंतू सापडतच नाहीत. तिथे कोर्सवर कोर्स व्यर्थ आहेत. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल करण्याचे व्यायाम आणि कोमट पाण्याच्या टबात १५ मिनिटे बसणे याने जास्त बरे वाटते. मूल हवे असणाऱ्याने टबाचा उपाय रोज करू नये, उष्णतेने शुक्रजंतू घटतात.

शौचाला जोर करताना दोन चिकट थेंब येतात आणि एसटी स्टँडच्या भिंतीवरची जाहिरात त्याला ‘धातू जाणे’ म्हणते. प्रोस्टेट आणि तिच्याजवळच्या ग्रंथींचे पाणी दाबामुळे बाहेर येते, इतकेच ते आहे. त्याने अशक्तपणा येत नाही, मूल होण्यात अडचण येत नाही आणि त्यावर औषध लागत नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतले ते. कोकणातल्या गावांत पस्तिशी-चाळिशीत लग्न होणारे पुरुष आता कमी नाहीत. चाळिशीनंतर प्रोस्टेट वाढू लागते. म्हणजे लघवीची गोळी आणि मुलाची इच्छा एकाच माणसाच्या वाट्याला येतात. टॅम्सुलोसिन ०.४ मिलिग्रॅम, सिलोडोसिन ८ मिलिग्रॅम या गोळ्या मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू सैल करतात. धार सुधारते, पण वीर्यपतनाच्या वेळी ते तोंड आवळले जात नाही आणि वीर्य कमी येते किंवा येतच नाही. सिलोडोसिन घेणाऱ्या दर चार पुरुषांत साधारण एकाला हे होते, टॅम्सुलोसिनने त्याहून बरेच कमी जणांना. उत्तेजना आणि सुख जागच्या जागी असते, आणि गोळी थांबवल्यावर काही दिवसांत सगळे पूर्ववत होते. कुणी हे आधी सांगितले तर माणूस घाबरत नाही. सांगितले नाही तर तो गोळी परस्पर बंद करतो आणि महिन्याभराने लघवी तुंबून येतो. मूल हवे असेल तर अल्फुझोसिनसारखी दुसरी गोळी निवडता येते, किंवा त्रास सौम्य असेल तर थांबताही येते.

टॅम्सुलोसिन रोज त्याच ठरावीक जेवणानंतर अर्ध्या तासाने घ्यावे. उपाशीपोटी घेतल्यास चक्कर जास्त येते. ज्यांचे न्हाणीघर-संडास घराबाहेर आहे त्यांनी रात्री उठल्यावर मिनिटभर खाटेवर बसावे, मगच पडवीची पायरी उतरावी. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली असेल तर ही गोळी घेत असल्याचे, पूर्वी घेतली असल्यास तेही, डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगावे.

फिनास्टेराइड ५ मिलिग्रॅम आणि ड्युटास्टेराइड ०.५ मिलिग्रॅम ग्रंथी आकसवतात, पण गुण यायला सहा महिने लागतात. काहींत इच्छा, ताठरता आणि वीर्याचे प्रमाण घटते, शुक्रजंतूंची संख्याही उतरू शकते. केस गळतात म्हणून तरुण मुले फिनास्टेराइड १ मिलिग्रॅम घेतात, तेही हेच औषध. मूल होत नसलेल्या तरुणाला ते घेतो का, असे नाव घेऊनच विचारावे लागते. केसांची गोळी तो औषधांत धरत नाही. गरोदर स्त्रीने फुटलेली गोळी किंवा गळणारी कॅप्सूल हाताळू नये. या औषधांनी सहा महिन्यांत पीएसए साधारण निम्मा होतो. म्हणून अहवालातला २.५ हा खरे तर ५ समजावा.

दुर्बिणीने प्रोस्टेट खरवडून काढल्यावर तीनपैकी साधारण दोघांत वीर्य उलट मूत्राशयात जाते आणि पुढच्या लघवीत गढूळ दिसते. शरीराला त्याचा अपाय नाही, ताठरताही बहुधा टिकते, मूल मात्र नैसर्गिकरीत्या होणे कठीण. ज्याला मूल हवे आहे त्याचे वीर्य शस्त्रक्रियेआधी गोठवून ठेवता येते. आधीच शस्त्रक्रिया झाली असेल तर खाण्याच्या सोड्याने लघवीचे आम्ल कमी करून, वीर्यपतनानंतर लगेचच्या लघवीतून शुक्रजंतू वेगळे काढता येतात. सोड्याचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवायचे. कॅन्सरसाठी पूर्ण ग्रंथी काढली तर शुक्राशयेही जातात आणि वीर्य कायमचे बंद होते. तिथे गोठवण्याचा विषय आधी निघालाच पाहिजे.

मुंबईहून रात्रीच्या गाडीने गावी येणाऱ्या वयस्कर चाकरमान्यांसाठी एक. दहा-बारा तास लघवी रोखून धरणे, त्यात दारू किंवा सर्दीची गोळी, आणि वाढलेली प्रोस्टेट यांनी लघवी पूर्ण अडते. मग घरचे ‘साफ होईल’ म्हणून शहाळ्यावर शहाळे आणि कुळथाचे कढण पाजतात. वाट बंद असताना वरून भर घालून मूत्राशय आणखी ताणले जाते आणि वेदना वाढतात. पाणी पाजणे थांबवून जवळच्या आरोग्य केंद्रात नेऊन नळी घालून घ्यावी. त्यानंतर सहा आठवडे पीएसए करू नये, आकडा उगाच वाढलेला येतो. एरवीही तपासणीआधी ४८ तास वीर्यपतन आणि लांबची सायकलफेरी टाळावी. वडिलांना किंवा भावाला प्रोस्टेटचा कॅन्सर असेल तर पन्नाशीची वाट न पाहता ४५ व्या वर्षीच डॉक्टरांशी बोलावे.

आपल्या आरोग्य पुरवणीत प्रोस्टेटवरचा पुढचा लेख येईल तेव्हा त्यात आजोबांच्या शेजारी पस्तिशीतल्या नवऱ्यालाही जागा द्यावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
एक मूत्ररोगतज्ज्ञ आणि एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ
चिपळूण, जि. रत्नागिरी