रुमाल सोडण्याआधी

चि. मनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा तू पुन्हा म्हणालीस, "आई, ते मोडी कागद मला वाचायचेच आहेत गं, पोरं बारावीतून बाहेर पडली की नक्की." हे ‘नक्की’ आता पंधरा वर्षांचं झालं. तुला दोष देत नाही. नोकरी, घराचं कर्ज, मुलांच्या शाळा, सगळं खरंच होतं. पण या कामात काय थांबतं आणि काय थांबत नाही, हा हिशेब तू उलटा धरला आहेस, म्हणून सविस्तर लिहिते.

तुझ्या मनात क्रम असा आहे: आधी मोडी लिपी शिकायची, मग कागद उघडायचे, आणि वाचून झालं की घरातल्या मोठ्या माणसांना अडलेलं विचारायचं. यात लिपीला काहीच घाई नाही. १९५०च्या दशकात ती शाळांतून गेली, तरी आजही पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आणि राज्याच्या पुराभिलेख खात्यातर्फे तिचे वर्ग होतात. २०१४ साली तिला युनिकोडमध्येही (संगणकाच्या अक्षरसंचात) जागा मिळाली. पन्नाशीत शिकलीस तरी ती असेल. ट्रंकेतला कागद मात्र दर पावसाळ्यात थोडा थोडा जातो आहे, आणि माईआत्यांना अठ्ठ्याऐंशी पूर्ण झाली. म्हणून क्रम फिरव. आधी माईआत्या, मग कागदांचे फोटो, मग लिपी.

माईआत्यांना "जुन्या आठवणी सांगा" असं म्हणू नकोस. तसं विचारलं की माणूस नेहमीच्या चार गोष्टी सांगतो आणि थांबतो. नावं विचार. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपली रीत, त्यामुळे अशा रुमालात (म्हणजे जुने कागद बांधून ठेवलेल्या कापडात) ‘बाळाजी बिन रामजी’ आणि ‘रामजी बिन बाळाजी’ आलटून पालटून येत राहतात आणि चौथ्या कागदाला कोणता बाळाजी कोणता ते कळेनासं होतं. (बिन म्हणजे ‘चा मुलगा’, वलद म्हणजेही तेच. बाईच्या नावाशी कोम आलं की ‘ची बायको’.) घरात दत्तक कोण आलं, कोण गेलं, हे नीट विचार, कारण दत्तकाबरोबर बापाचं नाव बदलतं आणि एकच माणूस कागदात दोन वाटतो. लग्न होऊन आलेल्या बायकांची माहेरची नावं, माहेरची गावं. आणि शेतांची नावं: चिंचेचं, पांदीकडचं, थोरली पट्टी, जी असतील ती. सातबाऱ्यावर ‘शेताचे स्थानिक नाव’ असा रकाना असतो, पण तो बऱ्याचदा रिकामाच दिसतो. जुनं खरेदीखत मात्र शेताच्या नावावर आणि चतु:सीमेवर चालतं. पूर्वेस अमक्याचं शेत, पश्चिमेस ओढा. ते नाव कुठल्या तुकड्याचं, हे सांगणारं माणूस गेलं की कागद वाचूनही जमीन सापडत नाही.

सकाळी फोन कर, त्यांची पोथी झाल्यावर. एका वेळी अर्ध्या तासाच्या वर नको. त्यांना विचारून रेकॉर्डिंग लाव आणि त्याच दिवशी नावं वहीत उतरव. रेकॉर्डिंग पडून राहतं, वही उघडली जाते.

आता कागद. रुमाल सोडण्याआधी वरून एक फोटो घे आणि कागद ज्या क्रमानं बांधले आहेत तो क्रम मोडू नकोस. बांधणाऱ्यानं एका व्यवहाराचे कागद एकत्र ठेवलेले असतात, हाच बिनतारखेच्या कागदाला बऱ्याचदा एकमेव आधार असतो. हात धुऊन कोरडे कर. बोटाला थुंकी लावून पान उलटायचं नाही. घडी कडक झाली असेल तर ओढून उघडू नकोस. कागद मोडतो तो घडीवरच, आणि नेमकी तिथेच एक ओळ असते. स्वच्छ सुती कापडावर सपाट ठेवून एक-दोन दिवस त्याच्या मर्जीनं सैल होऊ दे. इस्त्री नाही, ऊन नाही, ओलं फडकं तर अजिबात नाही. जुनी काळी शाई बहुधा काजळाची असते, ती पाण्यानं सुटते.

सेलोटेप आणि लॅमिनेशन ही कागदांची दोन मोठी दुखणी. लोक प्रेमानं करतात आणि कागद कायमचा जातो, कारण चिकटवलेलं परत सोडवता येत नाही. आत राहिलेला ओलावाही मग तिथेच राहतो.

फोटो खिडकीजवळ, दिवसा, फ्लॅश बंद करून. मोबाइल कागदाला समांतर धर, तिरका धरलास तर कडेची अक्षरं दाबली जातात. लांब कागद तुकड्या-तुकड्यानं काढ, पण प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोतल्या दोन-तीन ओळी येऊ देत. कागदाला कागद चिकटवून केलेला जोडकागद निघाला तर सांध्याची मागची बाजू नक्की बघ, तिथे कधी शिक्का किंवा सही असते. पाठ कोरी दिसली तरी तिचा फोटो काढ. मागे घडीवर पत्ता किंवा ‘हे कशाचं’ अशी एक ओळ बऱ्याचदा सापडते. कोपऱ्यात मऊ पेन्सिलीनं आकडा टाक, तोच आकडा फोटोच्या नावात दे. सगळं मिळून दोन रविवारांचं काम आहे. हे झालं की कसर, वाळवी, गळकं छप्पर, कशाचीच तितकी भीती राहत नाही.

मग लिपी. रोज अर्धा तास, आठवड्यात सहा दिवस, बारा आठवडे. छत्तीस तास होतात. यात तू सरकारी खात्यातली मोडीवाचक होणार नाहीस, पण घरचे कागद अडखळत वाचू लागशील. रविवारी एकदम तीन तास बसण्यापेक्षा रोजचा अर्धा तास बरा. तीन आठवडे शिकून दोन महिने सोडलं की अक्षरं पुसून जातात, आणि बहुतेकांचं मोडी तिथेच संपतं.

आधी लिहायला शिक, वाचन त्यातूनच येईल. मोडीत शिरोरेषा अगोदर ओढतात, आख्ख्या ओळीभर, आणि अक्षरं तिच्याखाली लटकत जातात. म्हणून साधी एकेरी वही घे आणि वहीची रेघ हीच शिरोरेषा समज. शक्यतो हात न उचलता लिहायचं. काना खालून वर जाऊन शिरोरेषेला भिडतो आणि तिथून पुढचं अक्षर सुरू होतं. हे वळण हाताला कळलं की कागदावरच्या गुंत्यात कुठलं अक्षर कुठे संपलं ते डोळ्याला दिसतं. नुसता तक्ता पाठ करणाऱ्याला ते दिसत नाही. पहिले दोन आठवडे मुळाक्षरं, रोज चार, प्रत्येक वीस वेळा. पुढचे तीन बाराखडी. हिला जास्त वेळ दे, कारण काना-मात्रा लागली की कित्येक अक्षरांचं रूपच पालटतं. ‘र’ तर शेजारी कोण आहे ते बघून सोंग बदलतो. एक आठवडा जोडाक्षरं. उरलेले सहा आठवडे छापील नमुने, शेजारी बाळबोध (म्हणजे देवनागरी) लिप्यंतर असलेले. लिप्यंतरावर पट्टी ठेवून वाच, ओळ झाली की पट्टी सरकव. संगणकावरचा मोडी फॉन्ट ओळख करून घ्यायला ठीक, पण तेवढ्यावर थांबलीस तर हाताने लिहिलेला कागद परका वाटेल.

शिवकालीन पत्रावर पहिल्या दिवशी उडी मारू नकोस. उत्साही माणसं तेच करतात आणि आठवड्यात वही मिटतात. आपल्या रुमालातला कर्जरोखा किंवा खरेदीखत घे. त्यांची भाषा ठरलेली असते, त्यामुळे अर्धं वाक्य लागलं की उरलेलं ओळखता येतं.

अडचणी कुठे येतात ते आधीच सांगते. पहिली, शब्दांत जागा नसते आणि विरामचिन्हंही नसतात. ‘मौजेवाडीतर्फखेडप्रांतजुन्नर’ असं सलग येतं. मौजे (गाव), कसबे (बाजाराचं मोठं गाव), तर्फ (काही गावांचा गट), प्रांत, मजकूर (वर सांगितलेला), किता (वरीलप्रमाणे), गोही (साक्षीदार) असे पन्नास-साठ नेहमीचे शब्द पाठ झाले की ओळ आपोआप तुटायला लागते. दुसरी, ऱ्हस्व-दीर्घ नाही. इकाराला एकच खूण, उकाराला एकच. ‘सुत’ म्हणजे मुलगा की कातलेलं सूत, हे फक्त संदर्भ सांगतो. जमाखर्चात ते सूत असेल, वाटणीपत्रात मुलगा.

तिसरी, आकडे. उभ्या रेघा हा एक नव्हे. एक रेघ पाव, दोन अर्धा, तीन पाऊण. ‘१२५॥।’ म्हणजे एकशे पंचवीस रुपये बारा आणे. इथे चुकलीस की सगळा रोखा चुकतो. व्याज ‘दरमाहे दरसदे रुपये २’ असं लिहिलेलं दिसेल: दर महिना, दर शेकडा, दोन रुपये. म्हणजे वर्षाला चोवीस टक्के.

चौथी, तारीख, आणि मला स्वत:ला सगळ्यात गोडी हिचीच. शक असेल तर सोपं. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळव, जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९. सुहूर सन (मराठी दफ्तरांत चालणारी दुसरी कालगणना) मात्र अरबी शब्दांत लिहितात, एकक आधी आणि हजार शेवटी. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ हे घे. इहिदे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. झाले ११६१. सुहूर सन मृग नक्षत्राला, मे अखेर ते जूनच्या सुरुवातीस बदलतो. तेव्हापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे हे वर्ष १७६०-६१. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ची, ती याच सनात बसते. शकानं ताडून बघ: पौष, शके १६८२, अधिक ७९, पुन्हा १७६१. फसली सन (महसुलाचं वर्ष) आला तर ५९० किंवा ५९१ मिळव. आणि तारखेच्या आकड्याआधी ‘छ’ दिसला तर तो चंद्र, पुढे रज्जब, साबान असा मुसलमानी महिना येणार. तारखेचं गणित वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव, ते डोक्यात राहत नाही.

लिप्यंतर करताना कागदाची ओळ तीच तुझी ओळ ठेव आणि ओळींना आकडे दे. न लागलेल्या अक्षरांच्या जागी तितकी टिंबं टाक. अंदाज मजकुरात घुसवायचा नाही, समासात लिहायचा. आज न लागलेला शब्द महिन्यानं दुसऱ्या कागदात स्पष्ट सापडतो, पण तू आधीच काहीतरी ठोकून दिलं असशील तर परत तिथे बघणारच नाहीस. लिहिणाऱ्याचा हात बदलला की त्याच्या अक्षरांचा वेगळा तक्ता कर. बोरूनं लिहिलेलं पेशवेकालीन अक्षर गोल, जाड-बारीक आणि मोकळं असतं. इंग्रजी अमदानीतलं टाकाचं (निबाच्या लेखणीचं) अक्षर घाईचं आणि बारीक. काळानं जवळचं असूनही तेच जास्त छळतं.

एक गोष्ट मनाशी धरून बस. अशा घरगुती रुमालात तलवारी-लढाया जवळजवळ नसतात. कर्जं असतात, बांधाची भांडणं, वाटण्या, भाडं, श्राद्धाच्या खर्चाच्या याद्या. आपला कुणी पूर्वज चोवीस टक्क्यांनी गरीब कुळाला पैसे देणारा निघू शकतो. एखाद्या विधवेचा हिस्सा दोन ओळींत लिहून घेतलेला सापडेल. रोख्याच्या शेवटी बघ, सहीच्या जागी लहानसा नांगर काढलेला असतो आणि बाजूला लिहिलेलं असतं ‘निशाणी नांगर’. अक्षर न येणाऱ्या कुणब्याची ती सही. बाईची असेल तर बांगडी. तो नांगर दोन-तीन फटकाऱ्यांत काढलेला असतो, कधी शाई फुटलेली असते. जे निघेल ते तसंच उतरव, काही झाकू नकोस. त्या माणसांचं कुठेतरी लिहिलेलं राहिलं असेल तर ते बहुधा एवढंच.

मुलांची बारावी व्हायला अजून सहा वर्षं आहेत. ती अभ्यासाला बसतात तेव्हा तूही वही घेऊन त्याच टेबलाशी बस. तुझा अर्धा तास तिथे सहज निघेल.

रुमालातल्या वरच्या कागदाचे तीन फोटो आजच पाठवले आहेत. मुद्दाम कर्जरोखाच निवडला आहे. पहिल्या ओळीत शक आहे, तो काढून मला कळव. तिसऱ्या ओळीत ‘बिन’च्या मागे-पुढे दोन नावं आहेत. माझं लिप्यंतर तयार आहे, पण तुझं आल्याशिवाय पाठवणार नाही. आणि माईआत्या शनिवारी घरी आहेत, दहानंतर त्यांना फोन चालेल, असं मी विचारून ठेवलं आहे.

तुझी,
आई