फिदया तुमचा, कफ्फारा माझा

तीर्थरूप अब्बा आणि अम्मी यांस,

अस्सलामु अलैकुम व रहमतुल्लाह.

फोनवर तुमच्या सुटलेल्या रोजांचा आणि त्यांच्या फिदयाचा विषय निघाला की अब्बा, तुम्ही "बघू" म्हणता आणि फोन अम्मीच्या हाती देता, म्हणून या वेळी लिहायला बसले आहे. लिहिलेले तुम्ही शेवटपर्यंत वाचता आणि चष्मा पुसून पुन्हा एकदा वाचता, हे मला ठाऊक आहे.

मागच्या रमजानमधली ती दुपार माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. असरच्या नमाजसाठी तुम्ही वुजू करायला बसलात आणि नळाची तोटी फिरवताना तुमची बोटे तिच्यावरून दोनदा घसरली. कपाळ घामाने डबडबले होते. मशीनवर साखर ५८ दिसली. अम्मीने साखरपाण्याचा पेला ओठांना लावला तेव्हा तुम्ही तोंड फिरवलेत आणि मगरिबला, रोजा सोडायच्या वेळेला, दीड तासच उरला आहे, एवढेच बोललात. साखर ७० च्या खाली गेली तर त्याच क्षणी रोजा सोडायचा, असे डॉक्टरांनी रमजान सुरू होण्याआधीच बजावले होते, आणि ते तुमच्यासमोरच बजावले होते. शेवटी तुम्ही पाणी प्यालात, पण त्या रात्री खिशातल्या डायरीत सुटलेल्या रोजाची अकरावी रेघ ओढताना तुमचा चेहरा गुन्हा कबूल करणाऱ्या माणसासारखा झाला होता. हे पत्र त्या चेहऱ्यासाठी आहे.

पैसे मोजून रोजा विकत घ्यायचा का, असे तुम्ही त्यानंतर म्हणालात, आणि फिदयाला तुम्ही सतत 'दंड' म्हणता. अब्बा, दंड चुकीबद्दल असतो. शरियतमध्ये त्यासाठी वेगळा शब्द आहे, कफ्फारा, आणि तो रमजानचा रोजा काही कारण नसताना जाणूनबुजून तोडणाऱ्यावर येतो. आजार तात्पुरता असेल किंवा माणूस प्रवासात असेल, तर राहिलेले रोजे नंतर ठेवायचे, ती कजा. आणि ज्याला आता रोजा झेपत नाही आणि पुढेही झेपण्याची आशा नाही, अशा वृद्धाने किंवा कायमच्या आजारी माणसाने प्रत्येक रोजामागे एका गरिबाचे पोट भरायचे, तो फिदया. आपण घरात हे तिन्ही शब्द एकाच दमात उच्चारतो आणि म्हणूनच तुमच्या मनात त्यांची सरमिसळ झाली आहे असे मला वाटते.

तुम्ही मला सूरह बकराच्या १८४ व्या आयतीचा शेवट ऐकवता, की रोजा ठेवणे हेच तुमच्यासाठी अधिक भले आहे. आयत तीच आहे, पण तिच्यातच गरिबाला जेवण देण्याचा फिदयाही आहे. इब्ने अब्बास यांनी, ज्यांच्याकडून आपण कुरआनचा अर्थ शिकतो, ही आयत रोजा न झेपणाऱ्या म्हाताऱ्या पुरुषासाठी आणि म्हाताऱ्या स्त्रीसाठी असल्याचे सांगितले आहे; त्यांनी दर दिवसामागे एका मिस्कीनला, म्हणजे गरिबाला, जेवू घालावे. ती रद्द झाली असे मानणारेही सहाबा, म्हणजे पैगंबरांचे सोबती, होते, पण वृद्धाच्या बाबतीतला हा हुकूम आपल्या हनफी पंथाच्या फिकहने, धर्मशास्त्राने, कायम ठेवला. आणि लगेच पुढच्या, १८५ व्या आयतीत आजारी आणि प्रवासी यांची सवलत पुन्हा एकदा सांगून अल्लाह म्हणतो की तो तुमच्यासाठी सोपेपणा इच्छितो, अडचण इच्छित नाही. एकच गोष्ट लागोपाठच्या दोन आयतींत सांगितली जाते तेव्हा ती ऐकायला कुणीतरी तयार नसेल म्हणूनच सांगितली असावी, असे मला नेहमी वाटत आले आहे. हा माझा भाबडा विचार असेल, पण तुम्हाला पाहून तो अधिक पटतो.

अनस बिन मालिक यांनी दहा वर्षे रसूलुल्लाहची, आपल्या पैगंबरांची, सेवा केली. फार वय झाल्यावर त्यांना रोजे झेपेनात, तेव्हा त्यांनी एक-दोन वर्षे रोज एका गरिबाला रोटी आणि गोश्त खाऊ घातले आणि स्वतः रोजा ठेवला नाही. बुखारीच्या हदीससंग्रहात ही नोंद आहे. त्यांनी दंड भरला असे आपण कधी म्हणू का?

दिवस लहान झाले की कजा करीन, हा तुमचा दुसरा मुद्दा होता आणि तो चुकीचा नव्हता. ज्याला लांब दिवसांत जमत नाही पण लहान दिवसांत जमते, त्याच्यावर कजाच आहे, फिदया नाही. म्हणून तर तुम्ही थंडीत एक रोजा ठेवून पाहिलात आणि मी अडवले नाही. तो दुपारच्या जोहरच्या नमाजाआधीच सोडावा लागला. इन्सुलिनच्या वेळा पाहता आता वर्षाच्या कोणत्याच ऋतूत परवानगी देता येणार नाही, असे डॉक्टरांनी त्यानंतर स्पष्ट सांगितले. आता या अकरा रेघांवर फिदयाच आहे. आणि यात दार कायमचे बंद होत नाही: उद्या अल्लाहने तुम्हाला रोजा ठेवण्याची ताकद परत दिली, तर कजा करावी लागेल आणि दिलेला फिदया नफली सदका, म्हणजे ऐच्छिक दान, म्हणून तुमच्याच खात्यात राहील.

माप सोपे आहे. एका रोजाचा फिदया ईदच्या सदकए फित्र या दानाइतका, म्हणजे अर्धा साअ (साअ हे धान्याचे जुने माप) गहू, किंवा एक साअ जव अथवा खजूर, किंवा त्याची किंमत. शाफई पंथात एक मुद्द, म्हणजे साअचा चौथा भाग, आणि तोही धान्याच्याच रूपात द्यायचा असतो. आपल्याकडे किंमत दिलेली चालते. अर्धा साअ आजच्या वजनात दीड ते पावणेदोन किलोच्या दरम्यान धरतात. आपण सावधगिरीने दोन किलो धरू, म्हणजे अकरा रोजांचे २२ किलो गहू झाले. धान्य किंवा पैसे नको वाटले, तर एका गरिबाला दोन वेळ पोटभर जेवू घातले तरी एका रोजाचा फिदया होतो, आणि खरे सांगायचे तर मला हाच मार्ग अधिक आवडतो, कारण त्यात समोरच्याचा चेहरा दिसतो.

ही रक्कम मशिदीच्या बांधकामाला द्यावी असे तुमच्या मनात होते. तुमची भावना मी समजते, पण फिदया गरिबाच्या मालकीचा झाला पाहिजे. भिंत काही मालक होऊ शकत नाही. बांधकामाला वेगळे द्या. तसेच तो आपल्या आई-वडिलांना, मुलांना, नातवंडांना किंवा पती-पत्नीने एकमेकांना देता येत नाही. मात्र भाऊ, बहीण, मावशी, आत्या यांच्यापैकी कुणी जकात घेण्यास पात्र असेल तर त्यांना देता येतो. वसीयतीत, मृत्युपत्रात, लिहून ठेवले आहे, असेही तुम्ही एकदा म्हणालात. वसीयत केली असेल तर मागे राहिलेल्यांनी एकतृतीयांश मालमत्तेच्या मर्यादेत तो द्यायचा असतो, हे खरे; पण हात चालतो आहे तोवर जे स्वतःच्या हाताने देता येते, ते आमच्यावर का टाकता?

अम्मी, तुझे नऊ रोजे या हिशेबात येत नाहीत. डोळ्याचे ऑपरेशन झाले, डोळा बरा झाला, आता तुझी तब्येत ठीक आहे. तेव्हा तुझ्यावर कजा आहे आणि तिच्या बदल्यात पैसे चालणार नाहीत. सलग ठेवण्याची सक्ती नाही, एकेक करून ठेव. रसूलुल्लाहच्या पत्नी हजरत आयेशा यांच्या राहिलेल्या रोजांची कजा रमजानच्या आधीच्या शाबान महिन्यापर्यंत लांबत असे, त्यामुळे उशीर झाला म्हणून घाबरू नकोस.

आता जे लिहायचे आहे त्यासाठी मी तीन कागद फाडले. आपला गुन्हा झाकून ठेवावा असे सांगितलेले आहे, आणि मी तो एकवीस वर्षे झाकला. पण अब्बा, तुम्ही स्वतःला गुन्हेगार समजता तेव्हा मला गप्प बसवत नाही. मी एकोणीस वर्षांची होते, हॉस्टेलवर होते. पहाटे सहरी खाल्ली होती, रोजाची नियत केली होती, तब्येत उत्तम होती. दुपारी निकाल लागला, मी नापास झाले होते, आणि खोलीत येऊन रागाने, कुणावर तेही मला कळत नव्हते, मी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि समोर होते ते सगळे खाल्ले. भूक लागली नव्हती. त्याच संध्याकाळी तुमचा फोन आला आणि रोजा कसा गेला असे तुम्ही विचारलेत. मी चांगला गेला म्हणाले.

कफ्फारा यावर आहे. शाफई पंथात जाणूनबुजून खाण्यावर फक्त कजा आहे, हे वाचल्यावर मी काही दिवस त्या मताच्या आडोशाला जाऊन बसले होते, पण सोयीपुरता पंथ बदलणे मनाला पटेना. मुफ्तीसाहेबांना विचारताना साठ गरिबांच्या जेवणाचे पैसे मी तयार ठेवले होते. ते म्हणाले, तुझी तब्येत चांगली आहे, तुला पैसे देऊन मोकळे होता येणार नाही. गुलाम मुक्त करण्याचा मार्ग आता उरला नाही, तेव्हा साठ रोजे सलग ठेव, आणि तोडलेल्या रोजाची कजा वेगळी. साठ गरिबांना जेवू घालणे हे ज्याला रोजे खरोखर जमत नाहीत त्याच्यासाठी. मध्ये ईदचा दिवस किंवा रमजान येणार नाही असा काळ पाहून मी सुरुवात केली आहे. आज तेविसावा रोजा आहे. मासिक पाळीच्या खंडाने सलगता मोडत नाही, पाक होताच पुढे मोजायचे असते. अम्मी, हे तूच मला शिकवले होतेस.

या दिवसांत अबू हुरैरा यांनी सांगितलेली ती हदीस मी पुन्हा पुन्हा वाचते. रमजानच्या रोजात संयम तुटलेला एक माणूस रसूलुल्लाहकडे येतो आणि माझा नाश झाला म्हणतो. गुलाम मुक्त करता येईल का? नाही. दोन महिने सलग रोजे? नाही. साठ गरिबांना जेवण? तेही नाही. तेवढ्यात खजुरांची एक टोपली येते. ती त्याला देऊन सदका करायला सांगतात, तर तो म्हणतो की मदिन्याच्या दोन्ही काळ्या खडकाळ मैदानांमध्ये माझ्या घराहून गरीब घर नाही. तेव्हा रसूलुल्लाह दात दिसेपर्यंत हसले आणि म्हणाले, जा, घरच्यांनाच खाऊ घाल. चूक त्याची होती, आणि टोपली घेऊन तो घरी गेला. तुमची तर चूकच नाही, अब्बा.

रक्कम तुमच्या पेन्शनमधूनच जाऊ दे. मी भरीन असा हट्ट मी धरणार नाही, फक्त पोचवण्याचे काम माझ्याकडे द्या. माझे रोजे संपले की मी येते. तोवर डायरीतले ते पान फाडू नका. गहू द्यायचे की दोन वेळचे जेवण, आणि कुणाला, हे दोघांनी बसून ठरवू, आणि जसजसे पोचेल तसतशी एकेका रेघेवर तुम्हीच आपल्या हाताने खूण करा.

तुमची मुलगी